मधूच्छिष्टापासून ओतशाळेपर्यंत : कडेगाव परिसरातील एका धंद्याचा इतिहास

मराठीच्या अभ्यासकांना किर्लोस्करवाडी परिचित असते ती मासिकांमुळे. 1920 मध्ये निघालेली ‘किर्लोस्कर खबर’, 1930 ची ‘स्त्री’ आणि 1934 चे ‘मनोहर’ यांच्याविना आधुनिक मराठी वाङ्मयाचा इतिहास पुरा होत नाही. मात्र ही मासिके ज्या आवारातून निघाली, त्याच आवारात लोखंडाचा रस साच्यात ओतला जात होता, या वस्तुस्थितीचा विचार आपण क्वचितच करतो. कडेगावच्या शेजारी, आजच्या पलूस तालुक्यात असलेल्या या वसाहतीकडे ओतकामाच्या अंगाने पाहिले, तर एका धंद्याची पुनर्रचना नेमकी कशी घडते, याचा काही उलगडा होतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे प्रारंभी त्याला गिऱ्हाईक मिळेना. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. 1910 मध्ये तिथे कारखाना उभा राहिला. पहिल्या महायुद्धात परदेशी कच्च्या लोखंडाची आवक आटली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या, अशी हकीकत सांगितली जाते. तोफेचा नांगर झाला, ही प्रतिमा कोणत्याही कवीला मोहवणारी आहे. परंतु तिच्यामागे टंचाई होती आणि त्या टंचाईत धंदा नव्याने मांडण्याची धडपड होती.

किर्लोस्करवाडीचे ओतकाम वाळूच्या साच्यातले. याहून जुनी आणि नाजूक अशी दुसरी एक रीत महाराष्ट्राला ज्ञात होती. वस्तू आधी मेणात घडवायची, तिच्यावर मातीचे लेप चढवायचे, उष्णता देऊन मेण बाहेर काढायचे आणि उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा. दायमाबाद येथे 1974 मध्ये सापडलेली ताम्रशिल्पे या परंपरेची प्राचीनता सांगतात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त हा विधी संस्कृतात नोंदवला, मेणाच्या वजनावरून धातूचे वजन कसे काढावे, तेही सांगितले. मेणाला संस्कृतात ‘मधूच्छिष्ट’ म्हणतात, म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले ते. जे नाहीसे होते तेच आकार देऊन जाते, हे त्या शब्दाला ठाऊक असावे असे वाटते.

हीच रीत आज जगभर यंत्रांचे बारीक, अचूक भाग ओतण्यासाठी वापरली जाते आणि चीन हे तिचे मोठे केंद्र आहे. तिथे 1950 च्या दशकात सोव्हिएत तंत्राच्या प्रभावाखाली सोडियम सिलिकेटने साच्याचे थर बांधण्याची पद्धत रुजली. ती स्वस्त, पण पृष्ठभाग खरबरीत ठेवणारी. तिच्या जोडीला सिलिका सोलची पद्धत आली. ती महाग आणि सावकाश वाळणारी, पण नितळ व अचूक. पर्यावरणाचे नियम कडक होत गेले, मजुरी वाढली, तसा चिनी कारखानदारांपुढे प्रश्न आला : पुष्कळ आणि स्वस्त ओतायचे, की मोजके आणि अचूक? पुनर्रचना म्हणतात ती या निवडीला.

हाच प्रश्न आमच्या शेजारच्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यातही आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांपासून वाढलेल्या फौंड्र्या आज वाहन उद्योगाला माल पुरवतात. वापरलेली वाळू पुन्हा उपयोगात आणण्याची सामायिक सोय तिथे समूहविकासाच्या योजनेतून झाली. एकेका छोट्या कारखान्याला न परवडणारी गोष्ट अनेकांनी मिळून करावी, हा त्यातला विचार.

यात साहित्याच्या शिक्षकांनी पडावे कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे : सोमेश्वराने कारागिराच्या हातातली विद्या शब्दांत उतरवली, म्हणून ती आठ-नऊ शतकांनंतरही आपल्याला वाचता येते. किर्लोस्करवाडीने कारखान्याची खबर देता देता एक वाचकवर्ग घडवला. आजच्या मोल्डरची विद्या मात्र त्याच्या हातातच आहे. वाळूची ओल मुठीत दाबून ओळखणे, रसाचा रंग पाहून ओतण्याची वेळ ठरवणे, यांसाठी तो जे शब्द वापरतो ते आमच्या कोशांत फारसे सापडत नाहीत. यंत्र बदलेल तेव्हा हे शब्दही जातील. आणि मेणाप्रमाणे त्यांनी मागे आकार ठेवलेला असेलच, याची शाश्वती नाही.

या भागातल्या आमच्या वर्गांत फौंड्रीत राबणाऱ्यांची मुले बसतात. भाषेच्या प्रकल्पासाठी त्यांना दूरचा विषय देण्याची गरज नाही. घरी जाऊन वडिलांना, काकांना विचारा आणि लिहून आणा, एवढे सांगितले तरी पुरे. धंद्याची सुधारणा भट्टीपाशी होईल. तिची स्मृती राखणे हे काम मराठीच्या वर्गाचे आहे.