हाफ तिकीट आणि मुक्कामी गाडी

नांदेडकडच्या आमच्या मुलखात सरकारी मोटार आली ती निजामाच्या राजवटीत. हैदराबाद संस्थानानं १९३२ साली रेल्वे खात्याच्या हाताखाली २७ गाड्यांवर बससेवा सुरू केली. तिकडे मुंबई प्रांतात पहिली एसटी धावली १ जून १९४८ला, नगरहून पुण्याला. नोव्हेंबर १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि पुढं इकडच्या गाड्याही एसटीच्या झाल्या.

आमच्या गावाला एसटी कळली ती मुक्कामी गाडीमुळं. सांजेला यायची, मारुतीच्या पाराजवळ उभी राहायची. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या ओसरीवर पथारी टाकायचे, कुणाच्या तरी घरून भाकरी-कालवण जायचं. सकाळी सहाला तीच गाडी तालुक्याला निघायची. दुधाच्या किटल्या, कोर्टाची तारीख असलेले, दवाखान्याला निघालेली म्हातारी, सगळे तिच्यातच.

माझी थोरली बहीण मात्र सातवीनंतर घरी बसली. हायस्कूल सात मैलांवर होतं. विद्यार्थ्यांना पासात सवलत होती, पण उरलेले पैसे पोरीसाठी कोण घालणार? पुढं अहिल्याबाई होळकरांच्या नावानं मुलींना मोफत पास मिळू लागला, आधी दहावीपर्यंत, मग बारावीपर्यंत. बहिणीची लेक त्याच पासावर बारावी झाली. सवलत म्हणजे काय, ते आमच्या घरात असं एका पिढीत दिसलं.

ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. १७ मार्च २०२३पासून सगळ्या बायांना अर्धं तिकीट झालं. माहेरी जाणं, बाजार करणं सोपं झालं. लोक म्हणतात, सरकार फुकट वाटतंय. पण माफ झालेल्या तिकिटाचे पैसे सरकारनं महामंडळाला भरून द्यायचे असतात. ती भरपाई थकली की डिझेल आणि पगाराची ओढाताण होते.

खरी गोम पुढं आहे. ही मदत तिकिटाला आहे, फेरीला नाही. आडगावच्या गाडीत बारा माणसं बसली तर बाराच तिकिटांचा हिशेब होतो. बाकीच्या रिकाम्या बाकांचा तोटा आगाराच्या माथी. मग भारमान कमी म्हणून फेरीवर कात्री येते. गाडीच आली नाही तर पोरीच्या दप्तरातला पास काय कामाचा?

फेरीलाच पैसे द्यायची रीत सरकारला ठाऊक नाही असंही नाही. २७ एप्रिल २०१७ला 'उडान' योजनेची पहिली विमानं उडाली, त्यांत नांदेड-हैदराबादही होतं. तिथं ठरावीक जागा स्वस्तात द्यायच्या, तासाभराच्या प्रवासाला साधारण अडीच हजार, आणि त्या मार्गाची तूट सरकारनं तीन वर्षं भरायची, असा करार असतो. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्याही अशाच. १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत न्यायला त्या सरकारी पैशातून आल्या.

विमानाच्या मार्गाची तूट भरता येते, शाळेच्या निळ्या गाडीलाही पैसा मिळतो. तसाच हिशेब सकाळी सहाच्या गाडीचाही मांडावा. हाफ तिकिटाचं सुख मोठं आहे, पण ते फाडायला कंडक्टर गावापर्यंत यायला पाहिजे.