डोंगर कुठे आहे?

तर मंडळी, या शनिवारी विमानांचा इतिहास. मी मूळचा आसगावचा, भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडे नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या. विमानाच्या वाटेत डोंगर येतो, हे तिथं उभं राहून सुचणारच नाही. सह्याद्रीकडे मात्र ते घडलंय.

७ जुलै १९६२. अलितालियाचं डीसी-८ सिडनीहून रोमला चाललं होतं. बँकॉकनंतरचा थांबा मुंबई. मध्यरात्र उलटलेली. वैमानिकाला वाटलं, मुंबई आलीच. म्हणून त्याने विमान खाली घेतलं. मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर लांब होती, आणि मध्ये होते जुन्नरचे डोंगर. ९४ माणसं होती, एकही वाचलं नाही.

म्हणजे बघा, घोळ उंचीचा नव्हता, जागेचा होता. मुंबईजवळ तीच उंची चालून गेली असती.

अशा अपघातांवर डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या इंजिनिअरने १९६०च्या दशकाच्या शेवटी एक यंत्र बनवलं. विमानाच्या पोटाखालचा रेडिओ अल्टिमीटर जमिनीचं अंतर मोजतो. ते भराभर कमी व्हायला लागलं की यंत्र ओरडतं, "पुल अप!" डिसेंबर १९७४ मध्ये वॉशिंग्टनजवळ विमान डोंगरावर आदळून ९२ जण गेले, आणि मग अमेरिकेने हे यंत्र सक्तीचं केलं.

पण गोम अशी की हा रेडिओ खाली बघतो, पुढे नाही. हळूहळू चढणाऱ्या उतारावर ठीक; समोर एकदम कडा आला तर? डिसेंबर १९९५ मध्ये कोलंबियात कालीजवळ इशारा वाजला, पण हातात उरले जेमतेम बारा-तेरा सेकंद. १५९ जण गेले.

बेटमनच्या टीमचा पुढचा उपाय आपल्या धंद्यातला आहे: लुकअप टेबल! सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिकडचे भूप्रदेशाचे नकाशे विकत मिळाले. त्यांची भर घालून जगाच्या उंचसखलपणाचा डेटाबेस केला आणि त्याला जीपीएस जोडलं. आता यंत्र आधी विचारतं, "आपण नक्की कुठे आहोत?" मग पुढच्या जमिनीची उंची तक्त्यात बघतं आणि साधारण मिनिटभर आधी सावध करतं. वैमानिकाला काय वाटतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

अर्थात तक्ता जुना असेल, तर काल उभा राहिलेला टॉवर त्यात नसणार. तेव्हा डेटा अपडेट करायचा कंटाळा करणाऱ्या माझ्या जातभाईंनो, जरा जुन्नर आठवा. असो. पुढच्या शनिवारी भेटू.