एक शेत, दोन दप्तरें

दर्यापूरचा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यांतला, काळ्या कसदार मातीचा. अठराव्या शतकांत या मातीला धनी मात्र दोन होते. अंमल निजामाचा, पण वसुलांत नागपूरकर भोसल्यांचाही वांटा. एकाच शेताचा हिशेब अशा रीतीनें दोन सरकारांच्या दप्तरीं चढे, आणि तीं दप्तरें जुळवून पाहणारी तिसरी कचेरी नव्हती. या कारभाराला वऱ्हाडांत दुअमली म्हणत. १८०३ च्या देवगांवच्या तहानें ती संपली, तोंवर दोन्हींकडचा तगादा कुणब्यानेंच सोसला.

त्याच शतकांत पुण्यास पेशव्यांनीं हें जुळवणीचें काम मोठ्या निगुतीनें चालविलें होतें. हुजूर दप्तरांत फडाखेरीज एलबेरीज नांवाचें एक दप्तर असे, आणि तें कायम पुण्यासच राही. राज्यांतील सर्व खात्यांचे हिशेब तेथें उतरत. त्यांवरून वर्षाची जमा, खर्च व शिल्लक यांचा गोषवारा निघे. खतावणींत सबंध राज्याचा खर्च बाबवार मांडला जाई. हुजूर दप्तरांत दोनशेंहून अधिक कारकून राबत.

आज मोठ्या कारखान्यांतून संगणकावर चालणारी जी व्यवस्था असते, तिचा हेतु हाच. १९९० मध्यें गार्टनर या अमेरिकन संस्थेनें तिला 'एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग' असें लांबलचक नांव दिलें. कोठारांतून माल उचलला कीं ती एकच नोंद खरेदी, विक्री व जमाखर्च या सर्व खात्यांस तत्क्षणीं दिसावी, एवढाच तिचा मथितार्थ. एलबेरजेस त्यासाठीं वर्ष लागे, इतकेंच.

पण दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत महाल इजाऱ्यानें दिले जाऊं लागले. ठरीव रक्कम हातीं पडल्यावर खालचा ताळा कोण पाहतो? दप्तर ओस पडलें. कागद लोकांनीं घरोघर नेले. कारकुनांची अक्कल कांहीं एका दिवसांत गेली नव्हती. त्यांची नोंद वाचणारा धनीच उरला नव्हता.

वऱ्हाड १८५३ मध्यें इंग्रजांकडे आलें. १८६१ पासून जमिनीची मोजणी होऊन शेतांस नंबर पडले, आणि पटवाऱ्याचें पेरेपत्रक हा पिकाचा मुख्य दाखला ठरला. २०२१ मध्यें ई-पीक पाहणी आली. आतां शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलवर आपलें पीक नोंदवितो, आणि ती नोंद थेट सातबाऱ्यावर जाते.

२०२४ मध्यें सरकारनें आदल्या खरिपाच्या कापूस-सोयाबीनसाठीं हेक्टरीं ५००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, देऊं केले. अट ई-पीक पाहणीच्या नोंदीची. शेतांत पीक होतें, पण मोबाइलांत नव्हतें, अशा शेतकऱ्यांची मोठी पंचाईत झाली. अखेर ती अट सैल करावी लागली, आणि तलाठ्यानें सातबाऱ्यावर केलेली पिकाची नोंदही ग्राह्य धरण्यांत आली.