स्मृतिभ्रंश आणि घरातील दूरचित्रवाणी

टीव्ही लागत नाही, ही तक्रार घरातून सहसा केबलवाल्याकडे जाते. घरात सत्तरी ओलांडलेली आई किंवा वडील एकटे असतील, दर दोन दिवसांनी तीच तक्रार येत असेल आणि संच प्रत्येक वेळी धडधाकट निघत असेल, तर तिचे मूळ अन्यत्र शोधावे लागते. पैशांचे व्यवहार, औषधांच्या वेळा आणि घरातील यंत्रे या ठिकाणी स्मृतिभ्रंशाच्या आरंभीच्या चुका लवकर उघड होतात. पहिल्या दोहोंकडे मुलांचे लक्ष असते. टीव्हीचा रिमोट मात्र थट्टेवारी नेला जातो. भारतातील साठीपुढील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्या आकड्यामागील बहुतेक घरांत टीव्ही हाच दिवसभराचा सोबती असतो हे लक्षात घेतले, तर विषय थट्टेचा राहत नाही.

बडोद्यातील मराठी घरे या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष उपयुक्त आहेत. गायकवाडी काळापासून दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. २०१८ साली ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. या घरांत बोलणे मराठीत, बाजारहाट गुजरातीत आणि करमणूक बरीचशी हिंदीत, असा तीन भाषांचा संसार चालतो. मुले पुण्यामुंबईकडे किंवा परदेशी गेलेली, मागे वडीलधारी मंडळी आणि त्यांच्यासमोर पडदा. मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत वावरणाऱ्या, मुले परदेशी असलेल्या गोव्यातील घरांना हे चित्र अनोळखी वाटू नये.

आज पंचाहत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीने टीव्ही ऐन तारुण्यात प्रथम पाहिला. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. बडोद्याच्या शेजारी, खेडा जिल्ह्यातील पीज येथून १९७५ साली प्रक्षेपण होऊ लागले. त्या संचाला एक खटका आणि दोनतीन गोल बटणे असत. पुढे केबल आली, रिमोट आला. तरीही एका रिमोटवर आकडा दाबला की वाहिनी लागे. ही सोपी रचना मोडली ती डिजिटलीकरणाने. केंद्र सरकारने केबलसाठी सेट-टॉप बॉक्स टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला. दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांमध्ये अहमदाबाद, सुरत व राजकोट यांच्यासह बडोदे होते आणि त्यांच्यासाठी मुदत होती ३१ मार्च २०१३. गोव्यातील शहरांवर ही वेळ नंतरच्या टप्प्यात आली. तेव्हापासून घरोघरी दोन रिमोट झाले, एक संचाचा आणि एक बॉक्सचा. कोणता कशासाठी, हे धडधाकट माणसालाही पाठ करावे लागले. २०१९ पासून वाहिन्या निवडून त्यांचे पैसे भरण्याची पद्धत आली आणि पॅक बदलला की नेहमीची वाहिनी एका रात्रीत नाहीशी होऊ लागली.

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात मेंदूचा जो भाग नव्या गोष्टी साठवतो, त्याची हानी आधी होते. सकाळी शिकवलेले दुपारी उरत नाही, ते यामुळे. उलट हाताला वर्षानुवर्षांच्या सवयीने बसलेल्या हालचाली, म्हणजे पोळी लाटणे, वाती वळणे, कुलूप लावणे, पुष्कळ काळ टिकतात. म्हणून वडिलांना रिमोट ‘पुन्हा एकदा नीट समजावून’ सांगण्याचा खटाटोप बहुधा वाया जातो, आणि चौथ्या वेळी समजावणाऱ्याचा आवाज चढतो. पाठ विसरला तरी तो चढलेला आवाज मनात बोचत राहतो. तेव्हा माणसाला यंत्र शिकवण्याऐवजी यंत्रालाच माणसाच्या जुन्या सवयीजवळ आणणे, हा एकच मार्ग खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. नवा, मोठा, ‘स्मार्ट’ संच भेट देणे हा त्याच्या नेमका उलटा मार्ग आहे. दिवाळीला मुले तो हमखास पत्करतात.

बिघाड कोठे होतो, हे एकदोन दिवस शेजारी बसून पाहावे. बहुतेक घरांत तो संचाच्या रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ या बटणाशी होतो. ते चुकून दाबले गेले की संचाचा बॉक्सशी संबंध सुटतो आणि निळ्या किंवा काळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी इंग्रजी अक्षरे तरंगू लागतात. त्यानंतर दाबलेले प्रत्येक बटण गुंता वाढवते. यावर साधा उपाय असा, की संचाचा रिमोट नजरेआड ठेवावा आणि बॉक्सच्या रिमोटनेच संच चालू-बंद व आवाज कमी-जास्त होईल, अशी जुळणी करून घ्यावी. बॉक्सच्या अनेक रिमोटांत संचाची आज्ञा ‘शिकवून’ ठेवण्याची सोय असते. ही जुळणी ठाऊक असलेला केबलवाला पाच मिनिटांत काम उरकतो. उरलेल्या रिमोटवर चालू-बंद, आवाज आणि वाहिनी पुढे-मागे एवढीच बटणे उघडी ठेवून बाकीची जाड चिकटपट्टीने झाकावीत. मोजक्या मोठ्या बटणांचे रिमोटही विकत मिळतात. परंतु जुन्या रिमोटची ठेवण हाताला ओळखीची असेल तर तोच झाकून वापरणे अधिक चांगले. रिमोटला घातलेले प्लास्टिकचे वेष्टन मात्र काढून टाकावे, कारण त्याखाली बटणांचा उंचसखलपणा बोटांना जाणवत नाही.

दुसरी अडचण काटकसरीची आहे. रात्री झोपण्यापूर्वी भिंतीवरचा खटका बंद करणे ही त्या पिढीची शिस्त. संचाला त्याने काही होत नाही. बॉक्सला मात्र सकाळी पुन्हा जागे व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात ‘लागत नाही’ असे वाटून चार बटणे दाबली जातात. वीज वाया जाते हा आक्षेप वादाने सुटणारा नाही. खटका कपाटामागे जाईल अशी मांडणी करावी. बॉक्स सुरू होताच नेहमीच्या वाहिनीऐवजी केबलचालकाची जाहिरातीची वाहिनी झळकत असेल, तर ती बदलता येते का हे त्याला विचारून पाहावे. प्रेक्षकाला न विचारता त्याच्या दिवसाची सुरुवात जाहिरातीने करण्याचा हा प्रघात एरवीही खटकणारा आहे. स्मृतिभ्रंशाच्या घरात तो थेट अडथळा ठरतो.

रिमोटजवळ एक चिठ्ठी ठेवावी. तीत सूचना नकोत. तीनचार वाहिन्यांची नावे आणि त्यांचे आकडे, एवढेच मोठ्या अक्षरांत लिहावे. ती कोणत्या लिपीत लिहावी, हा प्रश्न बडोद्यात खरोखर विचार करण्याजोगा आहे. घरात मराठी बोलणारी, पण शाळा गुजराती माध्यमातून झालेली व्यक्ती गुजराती लिपी अधिक सहज वाचते. आयुष्यात नंतर शिकलेली भाषा पुष्कळ रुग्णांत आधी निसटते आणि बालपणीची अधिक टिकते. चाळीस वर्षे हिंदी मालिका पाहिलेली आई त्या अर्धवट सोडून उठू लागली, तर तिला मालिकेचा कंटाळा आला असे न मानता काही दिवस मराठी वाहिनी लावून पाहावी. पेडण्यातील किंवा फोंड्यातील घरात हाच प्रयोग कोंकणी कार्यक्रमांबाबत करता येईल.

काय पाहावे, याविषयी घरच्यांची समजूत पुष्कळदा चुकीची असते. रोजची मालिका लक्षात ठेवण्यासाठी कालचा भाग आठवावा लागतो. रुग्णाला नेमके तेच जमत नाही. भजन, जुनी चित्रपटगीते, पाककृती, क्रिकेट, पशुपक्ष्यांचे कार्यक्रम यांना मागचे संदर्भ लागत नाहीत. कोठूनही पाहावे, कोठेही उठावे. एकच भाग दहादा पाहण्यातही काही वावगे नाही. टाळेबंदीच्या काळात २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले, तेव्हा तर सारा देशच पाहिलेले पुन्हा पाहत होता. आवडीची गाणी पेन ड्राइव्हवर घालून संचाला जोडून ठेवणे, हा स्वस्त आणि निर्वेध उपाय आहे.

बातम्यांबाबत मात्र सावध राहावे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराने बडोद्याचे अनेक भाग पाण्याखाली गेले आणि नदीतील मगरी वस्तीत शिरल्या. अशा वेळी बातम्यांत तीच दृश्ये तासन्‌तास फिरत राहतात. निरोगी माणूस ती एकच घटना आहे असे समजतो. स्मृतिभ्रंश झालेल्याला मात्र प्रत्येक वेळी ती नव्याने घडल्यासारखी वाटू शकते आणि पाणी आपल्याच दाराशी आल्याची भीती बसू शकते. काही रुग्णांना पडद्यावरची माणसे खोलीतच आहेत असे वाटते. ते निवेदकाशी बोलतात, त्याच्यासमोर कपडे बदलायला संकोचतात, भांडणाच्या दृश्याने घाबरतात. मानसोपचाराच्या ग्रंथांत या लक्षणाची नोंद आहे. ‘अहो, तो टीव्ही आहे’ असे बजावून उपयोग होत नाही. वाहिनी बदलावी किंवा संच बंद करून बोलणे दुसरीकडे वळवावे. बंद पडद्याच्या काळ्या काचेत स्वतःचेच प्रतिबिंब पाहूनही कोणी दचकतो. पूर्वी संचावर भरतकाम केलेले आच्छादन घालण्याची पद्धत होती. ती येथे पुन्हा कामाला येते. असे भास वारंवार आणि ठळक होत असतील, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण आजाराचा प्रकार ओळखण्यास त्याची मदत होते. दिवेलागणीच्या सुमारास अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते. त्या वेळी खोलीत दिवा लावावा आणि चर्चेच्या गोंगाटाऐवजी संथ संगीत असू द्यावे.

आवाज फार मोठा ठेवला जात असेल तर आधी कान तपासावेत. कमी ऐकू येणे हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा धोका असल्याचे ‘लॅन्सेट’ आयोगाने सांगितले आहे. २०२४ च्या अहवालात त्याने उपचाराविना राहिलेल्या दृष्टिदोषाचीही त्यात भर घातली. मोतीबिंदू उतरवून न घेतलेल्या माणसाला रिमोट कळत नाही, अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. दुसरे असे, की टीव्ही म्हणजे राखणदार नव्हे. इंग्लंडमधील पन्नाशीपुढील ३,६६२ व्यक्तींच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसाला साडेतीन तासांहून अधिक टीव्ही पाहणाऱ्यांची शब्दस्मृती सहा वर्षांनंतर अधिक घटलेली आढळली. यावरून टीव्हीनेच ती घटली असे सिद्ध होत नाही, पण आईला दिवसभर पडद्यासमोर बसवून निर्धास्त होण्याला त्याने आधारही मिळत नाही.

अलीकडे परगावची मुले कॅमेरा आणि मोबाइल यांच्या साह्याने आईवडिलांचा टीव्ही दुरूनच चालवू शकतात. सोय मोठी आहे. परंतु आपण लावलेला सामना अचानक बदलून कीर्तन सुरू झाले, तर त्या वृद्धाला काय वाटेल, याचाही विचार हवा. स्वयंपाकघर, बँकेचे पुस्तक, वाहन एकेक करून हातातून गेल्यावर घरातील शेवटचा निर्णय पुष्कळदा रिमोटचा उरतो. तो त्याच्याकडे जितका काळ राहील तितका राहू द्यावा. चुकीची वाहिनी लागली तर लागू द्यावी.

एक धोक्याची खूण वेगळी सांगायला हवी. कालपर्यंत रिमोट व्यवस्थित चालवणारी व्यक्ती एकदोन दिवसांत पार गोंधळली, असंबद्ध बोलू लागली, तर तो स्मृतिभ्रंशाचा पुढचा टप्पा समजून थांबू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातील सोडियमची घट, नवे औषध किंवा पक्षाघात यांमुळे असे होते आणि तातडीने उपचार लागतात. हळूहळू वाढणाऱ्या विस्मरणासाठी बडोद्यात सयाजी रुग्णालय आणि करेलीबागेतील मानसिक आरोग्य रुग्णालय, तर गोव्यात बांबोळी येथील मनोविकार संस्था व गोवा वैद्यकीय महाविद्यालय या सरकारी सोयी आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे देशव्यापी मदत क्रमांक आहेत.

सांभाळणाऱ्याला आधार मिळाला तर काय घडते, याचा पुरावा गोव्यानेच दिला आहे. ८१ कुटुंबांचा समावेश असलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या येथील प्रयोगात, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आजाराची माहिती दिली आणि रोजच्या अडचणींवर सल्ला दिला. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झालेला दिसला. ‘संध्याकाळी टीव्हीसमोर आई का रडते’ हा प्रश्न अशा भेटीत विचारता येतो. दवाखान्याच्या रांगेत तो सहसा विचारला जात नाही.

आजार वाढल्यावर पडद्यावरील हलती चित्रे अर्थहीन होतात, प्रसंगी त्रासदायकही. तेव्हा संच बाजूला सारून रेडिओ आणावा. चालू-बंद आणि आवाज यांसाठी एकच गोल बटण असलेला, स्टेशन आधीच लावून ठेवलेला साधा रेडिओ पुरे. वाहिनीचे बटण चिकटपट्टीने झाकून टाकावे आणि तो खुर्चीच्या उजव्या हाताशी, रोज त्याच जागी ठेवावा.