कुंकवाची पारख

1906 साली सरकारदप्तरी खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले आणि पुढे जळगाव व धुळे ही नावे रूढ झाली, तरी खानदेशची देवी कानबाई हिच्या पूजेतील कुंकवाला ती सरहद्द ठाऊक नव्हती. हळदीवर क्षाराचा संस्कार करून सिद्ध होणारे अस्सल कुंकू लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळे पडते. कुंकवाच्या नावाने खपणारा शिशाचा विषारी शेंदूर मात्र लिंबाला दाद देत नाही, नत्राम्लात तपकिरी होतो. इतकी सुलभ परीक्षा हाताशी असता 1940 च्या औषधी कायद्याच्या अमलाखाली सौंदर्यप्रसाधने 1962 च्या दुरुस्तीनेच यावीत, हा विलंब मला अक्षम्य वाटतो. या कायद्याखालील नियमांनी पुढे प्रसाधनांतील सेंद्रिय रंगांत दशलक्ष भागांमागे शिसे 20 व सोमल 2 अशी कमाल मर्यादा घातली. मारुतीच्या अंगावरील शेंदूर अर्थातच मनुष्यदेहाच्या प्रसाधनात मोडत नाही.