प्रस्तावना : भंगार गाडीत स्फोटापुरते काय उरते?

‘फॉलआउट ३’ हा व्हिडिओ गेम २००८ साली आला. त्यात अणुयुद्धाला २०० वर्षे उलटली आहेत, तरी रस्त्याकडेच्या गंजक्या गाडीवर चार गोळ्या झाडल्या की ती आधी पेटते, मग अळंबीच्या आकाराचा ढग उठवत फुटते. अशा दृश्यांची शास्त्रीय झडती घेणे हा या अभ्यासाचा विषय. त्यात शिरायला पदवी लागत नाही. ऊर्जा कशात साठली होती आणि इतकी वर्षे टिकली कशी, एवढे विचारत राहिले तरी पुष्कळ मजल मारता येते.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते; तीही हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच. बंद टाकीत ती याहून कितीतरी दाट असते, त्यामुळे आत भडका उडायला प्राणवायूच पुरत नाही. साध्या गोळीने टाकीला भोक पडते, पेट्रोल गळते, बहुधा तेवढ्यावरच भागते. शिवाय पेट्रोल शिळे होते. पावसाळाभर झाकून ठेवलेली जुनी स्कूटर दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढली की किका मारून पाय दुखतो : हलके घटक उडून गेलेले, कार्बोरेटरमध्ये चिकट राळ. आणि पनवेलच्या पावसात टाकीचा पत्रा तरी २०० वर्षे कुठला टिकायला!

खेळाचे वकील म्हणतील, त्या गाड्या अणुइंधनावर चालतात. फोर्डनेही १९५८ मध्ये ‘न्यूक्लिऑन’ या अणुशक्तीवरच्या गाडीची छोटी प्रतिकृती मांडली होती, खरी गाडी कधी झाली नाही. पण अणुस्फोटासाठी अतिसमृद्ध इंधन क्षणार्धात नेमके एकवटावे लागते. गोळीने भट्टी फुटेल, किरणोत्सार पसरेल; तो ढग उठणार नाही.

खरी वाहने फुटतच नाहीत असे नाही. आगीत सापडलेल्या एलपीजी टँकरमध्ये दाब वाढतो, तापलेले पोलाद मऊ पडते आणि टाकी फाटते. पण कळंबोलीहून सुटणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १३ जून २०२३ रोजी जे घडले, ते खेळांत फारसे दिसत नाही. लोणावळ्याजवळ कुणे पुलावर ज्वालाग्राही रसायनाचा टँकर उलटून पेटला आणि जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडले. चौघे गेले, त्यांत खालून जाणारेही होते. माझ्या मते खेळकर्त्यांनी ही वाहती आग आधी अभ्यासावी.

सीएनजीवर चालणाऱ्या बेवारस गाडीचे काय होईल, हा प्रश्न मुद्दाम वाचकांवर सोडला आहे. सिलिंडरमध्ये वायू सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. आपल्याकडे दर तीन वर्षांनी त्याची चाचणी करावी लागते. चाचणी करणारेच उरले नाहीत, तर आधी काय होईल : झडपेतून वायू निसटेल, की गंजून सिलिंडर फाटेल? हिशेब मांडून पाहा.