बटाटा भजी आणि कोयनेल

तर झालं असं. शनिवारी पुण्यात सकाळपासून धो धो पाऊस, संध्याकाळी चार मित्र घरी येणार, आणि भज्यांची जबाबदारी माझ्यावर. अशा वेळी गूगलपेक्षा आजी बरी, म्हणून फोन लावला.

"चकत्या पातळ कर, पिठात ओवा आणि चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन घाल. सोडा जास्त घालू नकोस, भजी तेल पितात. आणि बरोबर चहा का?"

"नाही गं, टॉनिक वॉटर."

"ते काय असतं?"

"कोयनेल घातलेलं सोडावॉटर." (जिनचा उल्लेख मी सोयीस्करपणे गाळला.)

आजी आधी हसली, मग म्हणाली, "कोयनेल कुणी हौसेनं पितं का रे? माझ्या वडलांना हिवताप यायचा. कोयनेल घेतलं की दोन-दोन दिवस कानात शिट्ट्या वाजायच्या त्यांच्या. हाक मारली तरी ऐकू यायचं नाही."

मंडळी, इथे माझी पंचाईत झाली. जिन-टॉनिकची ती प्रसिद्ध गोष्ट तुम्हीही ऐकली असेल: हिंदुस्थानातल्या गोऱ्या सोल्जरांना हिवतापावर कडू कोयनेल घ्यावं लागे, ते गिळवेना म्हणून त्यांनी त्यात जिन मिसळली. ऑनसाइटला असताना मी ही गोष्ट तिघाचौघांना ऐकवून भाव खाल्लाय. पण कानात शिट्ट्या वाजवणारं औषध आणि शनिवारचं पेय एकच कसं?

साधा हिशेब करून पाहिला. अमेरिकेत टॉनिक वॉटरमध्ये लिटरमागे साधारण ८३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोयनेल घालायला परवानगी नाही. हिवतापाच्या रुग्णाला मात्र दिवसाला दीड-दोन ग्रॅम लागतं. म्हणजे रोज वीसेक लिटर टॉनिक! हिवतापाच्या आधी माणूस दुसऱ्याच कशाने तरी जायचा.

बरं, जुनं टॉनिक जास्त कडक असेल असं मानलं, तरी कागदपत्रं वेगळंच सांगतात. टॉनिक वॉटरचं पेटंट लंडनच्या इरॅस्मस बाँडने १८५८ साली घेतलं. आणि 'जिन अँड टॉनिक' हे शब्द छापील स्वरूपात पहिल्यांदा सापडतात ते १८६८ च्या 'ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन'मध्ये, तेही घोड्यांच्या शर्यतीच्या वर्णनात! शर्यत संपल्यावर लोक जिन-टॉनिक मागतायत, ब्रँडी-सोडा मागतायत, चिरूट मागतायत. म्हणजे धडधाकट माणसांची मौज. खऱ्या तापकऱ्यांसाठी १८९२ पासून बंगालात पोस्टाच्या कचेरीत पैशाला पुडी मिळायची. तिच्याबरोबर लिंबाची फोड नव्हती.

पण खरी गंमत मला कढईसमोर उभं असताना सुचली. बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला, पेरू-बोलिव्हियाचा. कोयनेल ज्या सिंकोना झाडाच्या सालीतून निघतं, तेही अँडीजचंच. भज्यात घातलेलं तिखटसुद्धा अमेरिकेचं. बटाटा आणि मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. उत्तरेत 'आलू' आणि आपल्याकडे 'बटाटा', तो त्यांच्याच भाषेतून. (तो शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या लोकांनी रताळ्याला दिलेला. असो.)

सिंकोना मात्र एवढ्या सहज आला नाही. बी बाहेर जाऊ नये यासाठी तिथल्या सरकारांनी मनाई केली होती. १८६० मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅमच्या मोहिमेने रोपं-बिया पळवल्या, त्या निलगिरीत उटीजवळ लावल्या. पण त्यांच्या सालीत कोयनेल कमीच निघालं. उत्तम जातीचं बी शोधलं ते मानुएल इंक्रा मामानी या बोलिव्हियातल्या आदिवासी माणसाने. त्याला नुसतं झाड बघून साल ओळखता यायची. १८६५ मध्ये त्याने ते बी चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याला दिलं. इंग्रज सरकारने ते नाकारलं, डचांनी किरकोळ पैशात घेतलं, आणि पुढे जावा बेटाने जगाचा जवळजवळ सगळा कोयनेल-बाजार खिशात घातला. मामानी पुन्हा बी गोळा करायला गेला तेव्हा पकडला गेला. बी कुणासाठी, हे त्याने सांगितलं नाही. कोठडीतल्या मारहाणीने आणि उपासमारीने तो मेला. झाडाच्या त्या जातीचं नाव? सिंकोना लेजरियाना!

आजीच्या वडलांच्या कानातल्या शिट्ट्या बहुधा याच झाडाच्या वंशजांच्या.

मित्रांना मी सोल्जरची गोष्ट सांगितली नाही, मामानीची सांगितली. एकाने विचारलं, "हे सगळं भज्यांबरोबर ऐकायचं?" हो, भज्यांबरोबरच! जोडी मात्र खरंच जमते. गरम बेसनाचा तेलकटपणा तो कडवट, फसफसता घोट धुऊन काढतो आणि पुढच्या भज्यासाठी जीभ मोकळी करतो. फक्त टॉनिक कमी गोड घ्या, आणि बर्फ भरपूर.

रविवारी सकाळी आजीचा फोन आला.

"भजी तेलकट नाही ना झाली?"

"नाही."

"आणि तुझे कान?"